कुटाराचं पाणी

सोयाबीन निघालं की आमच्या गॅलरीखालच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीवर पोती, पोत्यांवर बसलेली माणसं, तोंडाला बांधलेले दुपट्टे. मागे उडणारी धूळ घरात शिरते, अंगाला खाज सुटते, पण त्या धुळीचं मला काही वाटत नाही. मला सहन होत नाही तो भिजलेल्या कुटाराचा वास. मळणी झाली, दाणे पोत्यांत गेले, की काड्या, टरफलं आणि भुसा यांचा जो ढीग उरतो त्याला आमच्या वऱ्हाडात कुटार म्हणतात. त्याच्यावर परतीचा पाऊस पडला की त्याला आंबूस-गोड वास सुटतो, काकवीत ओलं गोणपाट बुडवून ठेवल्यासारखा. यंदा आमच्या मागच्या गल्लीतल्या गोठेवाल्यानं ट्रॉलीभर कुटार आणून टाकलं आणि लगेच पाऊस आला. सकाळी उठून मी खिडकी लावली.

"लावू नको माय," वच्छलामावशी पलंगावरून म्हणाली. "गावचा वास हाय. येऊ दे."

मी खिडकी उघडली. मावशी आता माझ्याकडंच अमरावतीला असते. गुडघे गेले, नजर अधू झाली, पण वास तिला अजून सगळे येतात. ती उशीला टेकून डोळे मिटून तो वास घेत राहिली आणि मी तिच्या केसांना तेल लावत बसले. तिच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. त्या वासानं तिला तिचं गाव आठवत होतं. मला गावातलं एक तळं आठवत होतं, आणि एक हात.

मावशीचं गाव धामणगाव रेल्वेहून कौंडण्यपूरकडं जाताना रस्ता सोडून आत लागतं. माझी आई कायम आजारी, त्यामुळं माझ्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. मावशी तरुणपणीच विधवा झालेली. मूलबाळ नाही. शेत स्वतः करायची. गावात कुणाची सून अडली की पहिला निरोप तिला यायचा, आणि ती हातातला घास टाकून जायची. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिला धुरावरून कळायचं. मग ती माझ्या हातात भाकरीचं टोपलं द्यायची आणि सांगायची, "दे अन् बोलू नको काही. निंघून ये." हे सगळं मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढं जे सांगायचं आहे ते याच बाईनं केलं.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि नोकरीची वाट बघत घरी बसले त्या वर्षी मावशीनं मला बोलावून घेतलं. "तिथं बसून काय करून राहिली? इकडं ये. मासोया पाहाले ये." गावच्या तळ्याचा मासेमारीचा ठेका त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांच्या बचत गटाला मिळाला होता आणि मावशी गटाची अध्यक्ष होती. त्याआधी ते तळं पुंडलिक भोयाच्या घराकडं होतं. त्याच्या बापाकडं, आज्याकडं. ठेका गेला तेव्हा पुंडलिकभाऊनं भांडण केलं नाही. जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं आणि दुसऱ्याच्या शेतात कामाला जायला लागला. फक्त रोज संध्याकाळी तो तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर येऊन बसायचा, पाण्याकडं बघायचा आणि उठून जायचा. बायकांना ते आवडत नसे. "काहून बसते हा इथं?" एक म्हणायची. "नजर लावते," दुसरी म्हणायची. मावशी म्हणायची, "बसू द्या. बसल्यानं काय जाते."

त्या पावसाळ्यात मासे फार चांगले वाढले. रोहू आणि कटला. मावशी पाळीच्या टोकाला उभी राहून तेलाचा रिकामा डबा वाजवायची आणि पाणी सगळीकडून हलायला लागायचं. ती मुठीनं सरकीची ढेप आणि कोंडा टाकायची, तेव्हा पाठींच्या काळ्या रेघा एकमेकींवर चढायच्या. दिवाळीनंतर जाळं टाकायचं ठरलं होतं. गटातल्या एकीला घरावर पत्रे घालायचे होते, एकीला शिवणयंत्र पाहिजे होतं. मावशीला तळ्याकाठी एक पाटी हवी होती, गटातल्या सगळ्या बायकांची नावं लिहिलेली, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव न लावता. "रंगवून घेईन," ती म्हणायची. "पावसानं जाऊ नये असा रंग."

मग सोयाबीन निघालं. शेतं अजून ओली होती, मळणीयंत्र आत जाईना, आणि गावात उंच, कोरडी, ट्रॅक्टर पोचेल अशी जागा एकच होती, तळ्याची पाळ. सगळ्यांनी कापलेल्या सोयाबीनच्या आपापल्या गंज्या तिथं आणून लावल्या. दिवसभर मळणीयंत्राचा घरघराट आणि धुळीचा पिवळा लोट. दाणे घरी गेले आणि कुटाराचे ढीग उतारावरच राहिले, सवडीनं नेऊ म्हणून. मावशीचा ढीग त्यात सगळ्यांत मोठा.

परतीचा पाऊस त्यावर पडत राहिला. ढिगांच्या बुडातून तांबूस ओघळ निघाले आणि तळ्यात उतरले. पाऊस थांबला तेव्हा तळ्याचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसत होतं. पाळीवरून बघणाऱ्या बायका खूष होत्या. "खत उतरलं पान्यात," एक म्हणाली. "मासोया अजून मोठ्या होतीन."

आज मी हे वर्गात शिकवते तेव्हा पोरांना आधी एक ग्लास पाणी आणि एक चहाची पुडी दाखवते. पान गाळून घेतलं तरी रंग पाण्यात राहतो. तो गाळता येत नाही, कारण तो विरघळलेला असतो. पानांत, काड्यांत, मातीत जे सेंद्रिय असतं त्याचा विरघळणारा भाग पाऊस असाच पाण्यात घेऊन जातो. कुठल्याही नदीतल्या, तळ्यातल्या जंतूंचा बराचसा स्वयंपाक असा जमिनीवरून येतो. मुलांना मी दरवर्षी मेळघाटात सेमाडोहला नेते. तिथल्या ओढ्यांतही सागाच्या पानांचं पाणी असंच तांबडं असतं. पण पानांचा तो अर्क चिवट असतो, जंतूंना तो सावकाश पचतो, आणि पाणी दगडांवरून आपटत, हवा घेत वाहत असतं. तिथं त्या तांबड्या पाण्यावर जंतू जगतात, जंतूंवर बारीक किडे, किड्यांवर मासे. मुलं पाण्यात पाय सोडून बसतात. नुसतं बघून कुणी त्या पाण्याला वाईट म्हणणार नाही.

कुटाराचं तसं नसतं. त्यात साखर असते, लवकर पचणारी. ती साचलेल्या, कोमट पाण्यात एकदम उतरली की जंतू खायला लागतात आणि वाढायला लागतात. एकाचे दोन, दोनाचे चार. खाताना ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. वरून पाणी इतकं गडद की ऊन खाली पोचत नाही, त्यामुळं शेवाळ नवा प्राणवायू करू शकत नाही. सगळी रात्र जंतू श्वास घेतात आणि पहाटेपर्यंत माशांसाठी काही उरत नाही. कुणाच्या मनात काही नसतं. कुणीतरी जेवतं आणि कुणीतरी गुदमरून मरतं.

त्या सकाळी मावशी डबा वाजवायला गेली ती धावत परत आली. आम्ही पोचलो तेव्हा तळ्याच्या पाण्यावर सगळीकडं तोंडं होती. गोल, उघडी, मिटणारी आणि पुन्हा उघडणारी. आवाज येत होता, ओठ पाण्यावर आपटल्याचा, बारीक, सगळीकडून एकदम. मग एकेक मासा कलायला लागला. पांढरी पोटं वर आली. मावशी लुगडं खोचून कंबरभर पाण्यात शिरली. एक कटला, तिच्या हाताएवढा लांब, तिनं दोन्ही हातांत धरला, सरळ केला आणि पुढं ढकलला, जसं अडखळलेल्या लेकराला ढकलावं. तो दोन वीत गेला आणि पुन्हा उलटला. तिनं दुसरा धरला. मग ती तळहातांनी पाणी बडवायला लागली. बगळे पाळीवर येऊन उभे राहिले होते, पण त्यांना खाली वाकायचीही घाई नव्हती.

"औषध टाकलं कोनं तरी," मागून आवाज आला.

"काल पुंडलिक बसला होता इथं."

"त्याच्या हातात डबा होता. औषधाचा. म्या पाह्यला."

औषध म्हणजे कीटकनाशक. त्याचे रिकामे डबे गावात घरोघरी होते. लोक ते धुऊन, पाणी भरून परसाकडला न्यायचे. बोलणाऱ्याच्या घरीही तसाच डबा होता. मी ते म्हणाले. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

मी काठाकाठानं फिरले. लव्हाळ्यात मरळ जिवंत होती, वर येऊन हवा घेत होती. बेडूक जिवंत होते. पाण्यावरचे किडे पळत होते. मेले होते ते फक्त पाण्यातला प्राणवायू घेणारे मासे, आणि त्यांतलेही मोठे आधी. विषानं असं निवडून मारलं नसतं. मी मावशीला बाजूला घेतलं आणि हे सगळं सांगितलं.

"मावशी, कुणाचं नाव घेऊ नको. मी पाणी अमरावतीला नेते. तपासून आणते. मी येईपर्यंत थांब."

"जा," मावशी म्हणाली. ती तळ्याकडं बघत होती. तिच्या हाताला माशांचे खवले चिकटले होते.

मी बाटल्या भरल्या आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. कॉलेजात आमच्या सरांनी एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बाजूला होऊन मला बघायला लावलं. थेंब नुसता हलत होता. इतके जीव मी एका थेंबात कधी पाहिले नव्हते. "विष असतं तर हे असं नाचलं असतं का?" सर म्हणाले. मला हसू आलं होतं, इतकं ते स्वच्छ उत्तर होतं. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात ते वऱ्हाडीत मांडत होते, बायकांना कळेल असं.

मी पोचले तेव्हा मावशी चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातूनच सांगितलं, विष नाही, कुटाराचं पाणी आहे. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"त्याले आनलं होतं पाळीवर," ती म्हणाली.

"कुणाला?"

"पुंडलिकले. पोट्टेच होते सगळे. त्यायनं लय मारला. पाठीत द्याले लागले, तं मी म्हटलं, पाठीत काहून देता? हाताले द्या. हातानंच टाकलं त्यानं." तिनं भाकरी उलटली. "उजव्या हाताले दिलं. दगडावर ठेवून."

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात वाढली, शेजारी वांग्याची भाजी, आणि म्हणाली, "खा. सकायपासून उपाशी असशील."

ते शब्द तिनं ज्या आवाजात सांगितले तो आवाज मला आजही ओळखीचा आहे. त्याच आवाजात ती माझ्या लहानपणी सांगायची, हिची नाळ अशी कापली, तिला असं बसवलं. झालेल्या कामाबद्दल बोलण्याचा आवाज.

पुंडलिकभाऊला त्याच्या बायकोनं धामणगावला दवाखान्यात नेलं होतं. बोटांची हाडं जागोजाग मोडली होती. काही जुळली, काही वाकडीच राहिली. जाळं फेकायला बोटं लागतात. प्रत्येक बोटात एकेक कड धरून, मनगट वळवून ते फेकतात, तेव्हा ते हवेत उघडतं.

मी हट्टाला पेटले. मावशीच्या घरातल्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या धुऊन घेतल्या. दोन्हींत विहिरीचं पाणी भरलं. एकीत मूठभर कुटार भिजत टाकलं, दुसरीत काही नाही. पाणी चांगलं तांबडं होईपर्यंत दोन्ही अंगणात ठेवल्या. मग गाव बोलावलं. गटातल्या बायका आल्या, ती पोरं आली, म्हातारेही आले. सगळ्यांच्या समोर मी दोन्ही बरण्यांत विहिरीतल्या बारीक मासोळ्या सोडल्या.

साध्या पाण्यातल्या फिरत राहिल्या. तांबड्या पाण्यातल्या लगेच वर आल्या. तोंडं उघडायला लागल्या. तो आवाज नव्हता, इतक्या त्या लहान होत्या, पण तोंडं तशीच होती, आणि अंगणातल्या प्रत्येकानं ती ओळखली. मग एक कलली. पांढरं पोट दिसलं. मग दुसरी.

एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती. ज्याच्या हातात त्या दिवशी काठी होती, तो पोरगा बरणीकडं बघत म्हणाला, "मंग त्याले मारलं ते?"

सगळ्यांनी मावशीकडं बघितलं. मावशी उठली. तिनं तांबडी बरणी उचलली, गोठ्याच्या मोरीत ओतली आणि कुटार हातानं काढून बाजूला टाकलं.

"बरणी घासून ठेव," ती मला म्हणाली. "लोनच्याची हाय."

लोक निघून गेले. अंगण रिकामं झालं तेव्हा ती मोरीशी बसून हात धूत होती. मी म्हणाले, "मावशी, तू पाहिलं ना आता?"

"पाह्यलं."

"मग?"

"मले समजलं, वैशू. तू चांगलं समजावलं." ती हात पुसत होती. "पन तो निर्दोष निंघाला, तं आमी कोन निंघालो? इतके लोक हायेत गावात. इतक्या लोकायले आता काय सांगू?"

ती रडत नव्हती. माझ्याकडं बघून ती हे अगदी समजुतीनं सांगत होती, जशी ती मला प्रत्येक गोष्ट समजावत आली होती.

मी पुंडलिकभाऊच्या घरी गेले. तो खाटेवर पडून होता, हात प्लास्टरात. मी त्याला सगळं सांगितलं, जंतू, प्राणवायू, बरण्या. त्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे जंतूयनं मारल्या."

"हो."

"हे लोकायले सांगतलं तुमी?"

"सांगितलं. दाखवलं पण."

"मंग?"

त्याची बायको दारात उभी होती. तीही माझ्याकडं बघत होती. मी उठून आले.

त्याचं निर्दोष असणं गावाला सोसलं नाही. बरण्या बघितल्यापासून लोक त्याला अधिकच टाळायला लागले. आधी राग होता, तेव्हा निदान शिव्या तरी द्यायचे. आता तो समोरून आला की माणसं रस्ता बदलायची. त्याच्या बायकोला कापूस वेचायला कुणी बोलावेना. ती हापशीवर आली की बायका घागर अर्धी भरून निघायच्या. लग्नाचं आवतण त्यांच्या दाराला वळसा घालून पुढं जायचं. मी तोवर नोकरी लागून अमरावतीला परत आले होते. हे सगळं मला मावशीच्याच बोलण्यातून कळायचं, अधूनमधून, दुसरं काही सांगता सांगता. "वाकडा हात दाखवत फिरते," ती एकदा म्हणाली. तो दाखवत नव्हता. त्याला तो लपवता येत नव्हता.

पुढच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर मी गेले. तळ्यात नवं बीज सोडलेलं होतं. कुटाराचे ढीग पाळीपासून लांब, रस्त्यापलीकडं लावलेले होते. तेवढं गावानं माझं ऐकलं होतं, काही न बोलता. पाटीही लागली होती, निळ्या रंगात, बायकांची नुसती नावं.

"तुले सांगाचंच राह्यलं," मावशी चहा गाळताना म्हणाली. "पुंडलिक कबूल झाला."

"काय कबूल झाला?"

"औषध टाकलं म्हनून. मारुतीच्या पारावर उभा राह्यला, सगळ्यायच्या समोर. म्हने, मीच टाकलं, चुकलं माह्यं. सगळे पाहात राह्यले. कोनी काही बोललं नाही, तं मीच उठली. म्हटलं, जाऊ द्या. मानूस हाय, चुकते. आपून माफ करू." तिचे डोळे खरंच भरून आले. "त्याच्या बायकोले मी चोळी-लुगडं केलं. आता तळ्यावर राखनीले ठेवला त्याले. लोक बोलतात त्याच्यासंग. परवा वाढदिवसाले बोलावलं त्याले एका घरी."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काय म्हणावं मला कळत नाही. माफ केल्याचा आनंद होता. तो खोटा नव्हता. आजही, इतक्या वर्षांनी, केसांना तेल लावून घेता घेता ती कधी म्हणते, "पुंडलिकलेही आपून सोडलं नाही, जवळ केलं." मी वेणी घालते.

मी त्या दिवशी चहा तसाच ठेवून तळ्यावर गेले. पुंडलिकभाऊ पाळीवर उभा होता. डाव्या हातानं कोंडा टाकत होता. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. माझ्याकडं बघून तो हसला, अगदी मोकळेपणानं. अंगावर नवा सदरा होता. तब्येत सुधारल्यासारखी दिसत होती.

"कवा आल्या, बाई?"

"आत्ताच." आजूबाजूला कुणी नव्हतं. "भाऊ, तुम्ही काहीच टाकलं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे."

"टाकलं होतं."

"काय टाकलं होतं?"

त्यानं आणखी एक मूठ कोंडा पाण्यात फेकला आणि मासे वर येईपर्यंत थांबला. मग माझ्याकडं वळला. आवाज खाली आणून, अडचणीत असलेला माणूस ओळखीच्या माणसाला विचारतो तसं त्यानं विचारलं.

"तेवढं तुमीच सांगा, बाई. कोनी कोनी इचारते, कोन्तं टाकलं म्हनून, अन् मले नाव सांगता येत नाही. तुमी शिकलेल्या आहा. एखादं सोपं नाव सांगा. ध्यानात राहीन असं."

मला जंतूंची पुष्कळ नावं पाठ होती. औषधाचं एकही नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. तो वाट बघत उभा राहिला, माझ्या तोंडाकडं बघत.

"राहू द्या मंग," तो शेवटी म्हणाला. "मी दुकानात इचारून घेतो."